हातावरचं दही

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस वर्तमानपत्रात एक्स्चेंज ऑफरच्या पानभर जाहिराती यायला लागल्या, की मी घरभर नजर फिरवायला लागायचो आणि ही स्वयंपाकघराच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी राहायची. 'ही' म्हणजे माझी बायको. बायकोला नावाने हाक मारायची सवय मला कधी लागली नाही, आणि आता ती नसताना लावून घेण्यात अर्थ नाही.

नव्याची हौस मला पहिल्यापासून. नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात मी स्टोअरमध्ये नोकरी केली. जुना पार्ट जमा केल्याशिवाय नवा द्यायचा नाही, हा तिथला नियम. कामगार झिजून काळं पडलेलं बेअरिंग खिडकीतून आत सरकवायचा आणि मी तेलकट कागदात गुंडाळलेलं कोरं करकरीत बेअरिंग त्याच्या हातात द्यायचो. त्या कोऱ्या मालाचा वास मला फार आवडायचा. घरीही मी तोच नियम चालवला. मिक्सर, इस्त्री, पंखे, स्कूटर, टीव्ही. जुनं जमा, नवं चालू. फोन तर इतके बदलले की प्रत्येक बदलात ओळखीपाळखीचे चार नंबर गळून पडायचे. एकदा भर दुकानात ही सेल्समनला म्हणाली, "मलाही घेता का हो एक्स्चेंजमध्ये? ह्यांना नवी मिळून जाईल." मी तिथल्या तिथे म्हणालो, "या मॉडेलचे पार्ट आता मिळत नाहीत, कोणी घेणार नाही." सेल्समन हसला, ही हसली, मीही हसलो. तो विनोद आठवला की आता मला अजिबात हसू येत नाही.

माझ्या या तडाख्यातून घरातली एकच गोष्ट सुटली. हिचं विरजण.

हिचं माहेर सायखेड्याचं. लग्नानंतर पहिल्यांदा माहेराहून परत आली तेव्हा माझ्या सासूबाईंनी कडीच्या डब्यात दही दिलं होतं. खायला नव्हे, लावायला. त्यातलं चमचाभर हिने दुधात घातलं, सकाळी त्या दुधाचं दही झालं, त्यातलं चमचाभर पुढच्या दुधात गेलं. असं सुरू झालं ते सुरूच राहिलं. पंचवटीतल्या भाड्याच्या दोन खोल्या, मग सिडको, मग गंगापूर रोडवरचा हा फ्लॅट. दर वेळी सामानाचा टेम्पो पुढे जायचा आणि ही मागून रिक्षात मांडीवर दह्याचा सट घेऊन बसायची. पांढऱ्या चिनी मातीचा बेताचा सट, काठाचा टवका उडालेला. मी चार वेळा नवा आणून दिला. चारही नवे सट लोणच्याला लागले.

विरजणाचे तिचे कायदे होते. दूध कोमट झालं हे ओळखायला करंगळी बुडवून सावकाश दहापर्यंत मोजायचं. आठाच्या आत हात काढावा लागला तर दूध गरम, बारापर्यंत काहीच वाटलं नाही तर गार. विरजण घातल्यावर एकदाच ढवळायचं, सारखं झाकण काढून बघायचं नाही. थंडीत सट टॉवेलात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवायचा. आणि सगळ्यात मोठा कायदा हा, की पाहुणे कितीही येवोत, कढी कितीही चांगली होवो, चमचाभर मागे ठेवायचं म्हणजे ठेवायचं. त्या चमच्याकडे घरात कोणी बघायचंही नाही.

शेजारणी वाटी घेऊन विरजण मागायला यायच्या. दिवे लागल्यावर दही-दूध घराबाहेर देऊ नये म्हणतात, ते हिलाही ठाऊक होतं, पण मागायला आलेल्या बाईला तिने कधी रिकामं पाठवलं नाही. वाटीत घालून वर सांगायची, "नाही लागलं तर पुन्हा ये." मला या देण्याघेण्याची गंमत वाटायची. एवढासा चमचा तो, आणि त्यासाठी दारात अर्धा तास गप्पा.

त्या दह्याचं आणखी एक काम होतं. घरातून कोणी लांबच्या प्रवासाला किंवा परीक्षेला निघालं, की ही त्याला उंबऱ्याशी थांबवायची आणि उजव्या तळव्यावर चमचाभर दही, वर चिमूटभर साखर घालायची. ते चाटून निघायचं. आणि निघताना 'जाते' म्हणायचं नाही. आमची मुलगी कायम धांदलीत. "जाते गं आई" म्हणत जिना उतरायला लागली, की ही दारातून म्हणायची, "येते म्हण." खालून आवाज यायचा, "येते, येते." तो आवाज आल्याशिवाय ही दार लावायची नाही.

गेल्या वर्षी ही आजारी पडली. कशाने आणि किती दिवस, ते मी इथे लिहिणार नाही. स्वयंपाकघर माझ्या ताब्यात आलं. पोळ्या मला जमल्या नाहीत, भाज्या बऱ्या जमल्या, पण भांडी घासणं मात्र उत्तम जमलं. स्टोअरचा माणूस मी, वस्तू लखलखीत होऊन जागेवर गेली की मला बरं वाटतं. वाईट बातमी असलेला रिपोर्ट आला की मी सरळ सिंककडे जायचो. घासायचं काही नसलं तर स्वच्छ भांडी पुन्हा घासायचो. ही आतल्या खोलीतून ऐकत असायची. एकदा म्हणाली, "अहो, पातेल्याला भोक पडेल. या इकडे, बसा जरा."

एक दिवस तिने ओट्याशेजारी खुर्ची मांडायला लावली आणि मला विरजण शिकवलं. मी करंगळी बुडवली आणि घाबरून भराभरा मोजलं. पहिल्या वेळी दूध जसंच्या तसं राहिलं. दुसऱ्या वेळी दही लागलं. तिने चमच्याची कड आत घालून बघितली, वास घेतला आणि म्हणाली, "झालं. माझी एक काळजी मिटली." मी तिच्याकडून शाबासकी मिळालेल्या मुलासारखा खूश झालो.

होळीच्या सुमारास ती गेली.

त्यानंतरचे दिवस माणसांचे होते. ती माणसं परत गेल्यावर मी घरात बघितलं, तर जिकडे तिकडे मीच होतो. टीव्ही माझा, फ्रिज माझा, मिक्सर माझा, सगळं दोन-चार वर्षांतलं. तो सट सोडला तर तिची म्हणावी अशी एक वस्तू मी या घरात जुनी होऊ दिली नव्हती. तिने घातलेलं लोणचं उन्हाळ्यात संपलं. तिने केलेला मसाला पावसाळ्यात संपला. साड्या होत्या, पण त्या कपाटात होत्या. दही मात्र रोज नव्याने लागत होतं आणि तरीही तिचंच होतं. माझ्या आजच्या दह्यात कालचं चमचाभर होतं, कालच्यात परवाचं, आणि तसं मागे मागे गेलं की मी तिच्या बोटांपर्यंत पोचत होतो, तिथून सायखेड्याच्या सासूबाईंपर्यंत. सकाळी उठून मी आधी सटाचं झाकण काढायचो. लागलंय म्हटल्यावर चहाचं आधण ठेवायचो. हे मी कोणाला सांगितलं नाही, पण माझा दिवस त्यावर उभा होता.

मुलगी पुण्याला नोकरी करते. तिला कंपनीने दोन वर्षांसाठी जर्मनीला पाठवायचं ठरवलं. जायच्या आधी महिनाभर ती माझ्याकडे येऊन राहिली, गणपतीही आम्ही दोघांनी मिळून बसवला. निघायच्या दिवशी दुपारी तिने दहीभात मागितला. मी भरपूर कालवला, पण कायद्याप्रमाणे चमचाभर सटात ठेवला, हे मला पक्कं आठवतं. टॅक्सी चारला यायची होती, ती साडेतीनलाच आली. बॅगा खाली गेल्या. मुलगी बूट घालून उंबऱ्यात उभी राहिली, "निघू, बाबा?" म्हणाली, आणि निघालीच नाही. बघत होती दुसरीकडे, पण उजवा हात जरासा पुढे आला होता.

मला कळलं. मी धावत आत गेलो. सटात होतं तेवढं चमच्याने निपटून घेतलं, साखर घातली आणि तिच्या हातावर ठेवलं. तिने डोळे मिटून चाटलं. "आईच्यासारखंच लागतंय," म्हणाली. मग माझ्या गळ्यात पडली, आणि "जाते, बाबा," म्हणत लिफ्टमध्ये शिरली. 'येते म्हण' हे अगदी ओठांवर आलं होतं. पण तोवर लिफ्टचं दार मिटलं.

घरात आलो तर ते इतकं मोकळं वाटलं की काहीतरी करायलाच हवं होतं. मी भांडी घासायला घेतली. ताटं, पातेली, कढई, सगळी. नुकतंच एक नवं लिंबाच्या वासाचं लिक्विड आणलं होतं, त्याचा फेस छान व्हायचा. सटही घासला, आतून बाहेरून, टवक्याच्या खाचेतूनसुद्धा. पुसून ओट्यावर उपडा घातला.

संध्याकाळी दूध तापवलं, कोमट केलं, करंगळी बुडवून दहापर्यंत मोजलं, आणि फ्रिज उघडला.

सटाची जागा रिकामी होती. मग ओट्यावरचा सट सुलटा करून आत बघितलं. बोट फिरवलं, बोटाला लिंबाचा वास आला. चमचा बघितला, तोही लखलखीत. शेवटी सिंकची जाळी उचलून बघितली, तिथे मी काय शोधत होतो देव जाणे. तिच्या दह्याचा शेवटचा चमचा मुलीच्या पोटात होता आणि मुलगी विमानतळाच्या रस्त्यावर होती. तिला फोन लावला आणि रिंग जायच्या आत कापला. काय सांगणार होतो? ही गेली तेव्हा मी चारचौघांत रडलो होतो, आणि खरं सांगायचं तर त्यात थोडी चारचौघांची भीडही होती. त्या संध्याकाळी ओट्यापाशी उभा राहून एकटा रडलो, तसा आयुष्यात कधी रडलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी मात्र माझा मूळ स्वभाव जागा झाला. दहीच ना, मिळेल. डेअरीतून मातीच्या कुल्हडमधलं आणलं. डब्यातलं आणलं. पोटाला चांगलं असं वर लिहिलेलं एक महागडं आणलं. प्रत्येकाचं विरजण लावून बघितलं. मग दही लावायचं विजेवर चालणारं यंत्र आणलं, त्याला दिवा होता, वेळ झाली की शिट्टी वाजायची. दही सुरीने कापावं असं घट्ट लागायचं. भेटायला आलेले एक मित्र दोन वाट्या खाऊन म्हणाले, "वहिनींची आठवण झाली." मी मान डोलावली. ते निघून गेल्यावर मी उरलेलं दही कढीत घालून संपवलं आणि त्यातलं चमचाभर मागे ठेवलं नाही. काही चुकलंही नाही त्या दह्याचं. ते कोणत्याही घरातून आलेलं नव्हतं, एवढंच.

यात दोन महिने गेले, दिवाळीही गेली. त्या दिवाळीत मी वर्तमानपत्रातल्या जाहिराती न वाचता रद्दीत टाकल्या.

मग एकदा सट धुळीने भरलेला दिसला आणि पुसता पुसता सुचलं, की ही तर अर्ध्या नाशिकला विरजण वाटत होती. कोणाकडे तरी असेलच. त्याच दुपारी इमारतीतली दारं वाजवायला सुरुवात केली. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "काका, आता कोण लावतं हो घरी? फोनवर सांगितलं की दहा मिनिटांत येतं." समोरच्या फ्लॅटमधली सूनबाई म्हणाली, "सासूबाई होत्या तोवर होतं." खालच्या काकूंनी मला बसवलं, चहा दिला, हिच्या आठवणी काढल्या आणि शेवटी पदराने डोळे पुसत कबूल केलं की त्यांचं विरजण गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यातच आंबून गेलं, आणि हिच्याकडे पुन्हा मागायला जाणार तर ही अंथरुणाला खिळलेली. "त्या वेळी तिच्याकडे दही काय मागायचं?" म्हणाल्या. खरं होतं त्यांचं.

सायखेड्याला गेलो. मेहुण्यांनी म्हशी विकल्या त्याला बरीच वर्षं झाली. गोठ्यात आता ट्रॅक्टर उभा असतो. त्यांच्या सुनेने माझं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "थांबा मामा, दुकानातून आणायला लावते." मेहुण्यांनी तिला हाताने थांबवलं. आम्ही दोघे ओसरीवर जाऊन बसलो. मग तेच म्हणाले, "आईच्या दह्याला वर एक पिवळसर साय असायची. भाकरीवर घेतली तर घसरायची नाय." मी म्हणालो, "हिच्याही असायची." एवढंच बोलणं झालं. उठताना त्यांच्या बायकोने पिशवीभर कांदे दिले आणि म्हणाली, "ताईंचा हात देता होता. तुमच्याकडं ती कामाला यायची, डोंगराकडची, तिला दिलं असेल की."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे पुष्कळ वर्षं एक बाई कामाला होती, हरसूलजवळच्या एका पाड्यावरची. नवऱ्याबरोबर मजुरीला नाशिकला आली आणि आमच्याकडे टिकली. हिला ती ताई म्हणायची, म्हणून मुलगी तिला मावशी म्हणायची आणि मी आपोआप तिचा दाजी झालो. मुलगा हाताशी आल्यावर पाच वर्षांपूर्वी ती गावी परत गेली. जायच्या दिवशी हिने तिला डबा भरून दही दिलेलं मी पाहिलं होतं. तिचा नंबर माझ्याकडे होता, पण तो दोन फोन मागे राहिला होता. एवढंच ठाऊक होतं, की हरसूलच्या आठवडे बाजारात ती नागली, म्हणजे आपली नाचणी, विकायला बसते.

बाजाराच्या दिवशी सकाळच्या बसने निघालो. सट वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घेतला होता. त्र्यंबकच्या पुढे रस्ता डोंगरात शिरतो, तिथे भात कापून झालं होतं आणि खळ्यांवर झोडणी चालली होती. बसमध्ये मनाशी ठरवत होतो की नसलं तर नसलं, गडबडायचं नाही, बाईची विचारपूस करायची आणि परत यायचं. पिशवी मात्र मांडीवरून खाली ठेवली नाही.

ती मला आधी दिसली नाही, मीच तिला दिसलो. बाजाराच्या कडेला झाडाखाली नागलीचं पोतं उघडून बसली होती. केस पांढरे झाले होते. उठलीसुद्धा नाही, नुसतं वर बघून म्हणाली, "दाजी, लय दिस लावले."

"तुला काय ठाऊक मी येणार ते?"

"आधी घरी चला. जेवल्याबिगर काय सांगायचं नाय."

पोतं शेजारणीच्या हवाली करून ती माझ्यापुढे चालायला लागली. बाजारापासून पाडा अर्ध्या तासावर. वाटेत तिने मुलीचं विचारलं, माझ्या गुडघ्यांचं विचारलं, आणि मी दोनदा विषय काढला तो तिने दोन्ही वेळा टाळला. कुडाचं घर, पुढे सारवलेलं अंगण, एक गाय. तिने मला पाटावर बसवलं आणि नागलीची भाकरी, उडदाची आमटी वाढली. मग कोपऱ्यातलं मडकं आणलं, त्यावरची फडक्याची घडी काढली आणि वाटीत दही घातलं.

वर पिवळसर साय होती. मी घास घेतला. चुलीच्या धुराचा थोडा वास होता आणि आंबटपणा जरा जास्त होता, पण त्याच्या मागून जी चव आली ती मी तीस-पस्तीस वर्षं रोज खाल्ली होती आणि कधी तिचं कौतुक केलं नव्हतं. मी हातातली भाकरी ताटात ठेवली. ती चुलीकडे तोंड करून बसून राहिली. माझं पूर्ण जेवण होईपर्यंत वळली नाही.

मग म्हणाली, "ताई आजारी हाय कळल्यावर मी भेटाया आलते. तुम्ही औषधं आनाया गेलते. ताईनं मला डबा भरून दही दिलं. मी म्हनलं, हाय की माझ्याकडं, तुम्हीच तर दिलेलं. खरं तर नव्हतं, दाजी. पोरीच्या बाळंतपणात माझं संपलेलं. लाज वाटली म्हनून बोलले नाय. ताईला कळलं असंल. म्हनली, असू दे, दोन घरी असलेलं बरं."

"मग?"

"म्हनली, ह्यांना शिकवलंय मी. ते टाकायचे नाहीत, मला म्हाईत हाय. पन एक दिवस सट घासून ठेवतील."

मी पिशवीतल्या सटाकडे बघितलं.

"म्हनली, मग बाजारातलं एकूनएक आनून बघतील, यंत्र आनतील. दोन-तीन महिने त्यात जातील. मग येतील तुझ्याकडं. आले म्हंजे आधी पोटभर वाढ आन मग दे, तोवर उपाशीच हिंडत असतील." ती हसली आणि पदर डोळ्यांना लावला. "मी इचारलं, ताई, आन नाय आले तर? तर ताईनं डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली. मग म्हनली, येतील."

अंगणात गाय पाण्याच्या घमेल्याशी खुडबुडत होती. मी तिच्याकडे बघत बसलो. इतकी वर्षं मी समजत होतो की हिला माझ्यात एकच गोष्ट दिसते, नव्यामागे धावणारा माणूस. ती मला हसायची, चिडवायची, स्वयंपाकघराच्या दारात आडवी उभी राहायची. पण हा फिरून परत येईल, एवढं माझ्याबद्दल मलाही कधी वाटलं नव्हतं, ते तिला वाटत होतं. 'माझी एक काळजी मिटली' हे ती मला म्हणाली त्याच्या आधी तिने बाईला डबा दिला होता की नंतर, ते मी विचारलं नाही. एकदा तिला सांगायला हवं होतं की तुझं दही फार चांगलं असतं. एवढं साधं वाक्य होतं.

परतीची बस चारला होती. बाईने सट वर्तमानपत्रातून काढला, धुतला, त्यात काठोकाठ दही भरलं आणि वर पळसाचं पान बांधलं. "गार दुधात घालू नका," म्हणाली. मी म्हणालो, "दहापर्यंत मोजतो." मनात यादीही झाली. खालच्या काकूंना आजच नेऊन द्यायचं. सायखेड्याला रविवारी. मेहुण्यांकडे म्हशी नाहीत, पण दूध मिळतं. मुलगी सुट्टीत येईल तेव्हा तिला करंगळी बुडवायला शिकवायचं.

मी चपला घातल्या, सटाची पिशवी डाव्या हातात घेतली आणि उंबरा ओलांडणार, तेवढ्यात ती मागून म्हणाली, "थांबा, दाजी. हात करा." तिच्या हातात चमचा होता आणि वर साखरेचे दोन दाणे.

मी हात पुढे केला नाही. "आधी मडकं दाखव," म्हणालो.

ती हसली, आत गेली, मडकं उचलून आणलं आणि माझ्यासमोर तिरकं केलं. मी वाकून नीट बघितलं. निम्म्याच्या वर होतं.

तेव्हा मी उजवा तळवा पुढे केला, दही चाटलं, आणि म्हणालो, "येतो."